फुकटातला फोटो

फुकट या शब्दावर माझी लहानपणापासून श्रद्धा आहे. देवळातला प्रसाद, बँकेचं कॅलेंडर, शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र आणि लग्नघरातलं दुसरं आइस्क्रीम या चार खांबांवर आमचा संसार उभा राहिला, असं मी म्हटलं की सौ. रागावते, पण खांब मोजून पाहत नाही. त्यामुळे परवा आमचे भाचेराव बरोबर पोह्यांच्या वेळेला हजर झाले आणि म्हणाले, "मामा, एक फोटो पाहिजे. कॉम्प्युटरचा. दुकानाच्या जाहिरातीसाठी. आणि फुकट पाहिजे," तेव्हा माझा ऊर भरून आला. भाचा कुणाचा!

भाचेरावांनी डोंबिवलीत दुकान काढलंय. कॉम्प्युटर दुरुस्त करणं, लहानसहान कचेऱ्यांना सर्व्हर बसवून देणं, आणि तो सर्व्हर 'बसला' की जाऊन उठवणं, असा धंदा. सर्व्हर म्हणजे नक्की काय, हे मी त्याला तीनदा विचारलं. दोनदा त्याने इंग्रजीत सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "मामा, खानावळीतला वाढपी. बाकीचे कॉम्प्युटर पानावर बसलेत. कुणी आमटी मागितली, कुणी भात मागितला, हा वाढतो." मग समजलं. मराठी माणसाला पंगतीतून सांगितलं की काहीही समजतं.

दुकानात कर्मचारी दोन. एक भाचेराव स्वतः; ते फोनवर बोलतात. दुसरी कल्याणहून येणारी डिप्लोमा झालेली एक मुलगी. ती बाकी सगळं करते.

"फोटो एवढा कशाला शोधायचा?" मी म्हटलं. "इंटरनेटवर ढिगाने पडलेत."

हे ऐकताच भाचेरावांचा पोह्यांचा घास हातात राहिला. मग कळलं की ढिगातला एक त्यांनी आधीच उचलला होता. निळ्या उजेडात न्हालेली खोली, दोन्ही बाजूंना काळी कपाटं आणि मधून चालत येणारा सुटाबुटातला गोरा गृहस्थ. ("हा कोण रे?" "माहीत नाही मामा, पण विश्वास वाटतो.") तीन महिन्यांनी एका परदेशी फोटो विकणाऱ्या कंपनीच्या वतीने पत्र आलं, की आमचा फोटो तुम्ही परवानगीशिवाय वापरलात, सबब इतके इतके भरा. इतके इतके म्हणजे दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं. बरीच विनवणी करून रक्कम निम्म्यावर आली आणि ती आमच्या ताईच्या भिशीतून गेली. ताईला अजून वाटतं की मशीन आणायला दिले.

तेव्हा आता फोटो हवा तो असा, की ज्याचं पत्र येणार नाही. "तुम्ही रिटायर आहात मामा," भाचेराव म्हणाले, "तुम्हाला वेळच वेळ आहे." रिटायर माणसाबद्दल लोकांचे हे गैरसमज कधी जाणार कोण जाणे. पण बसलो शोधायला.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी ध्यानात आली. कॉम्प्युटर हा फोटोत दिसण्यासारखा पदार्थच नाही. साबणाची जाहिरात घ्या, फेस दाखवता येतो. चहा घ्या, वाफ दाखवता येते. कॉम्प्युटर म्हणजे खोकं. तो काम करत असला तरी खोकं आणि झोपला असला तरी खोकं. आणि ही अडचण आमच्या भाचेरावांपासून सुरू झालेली नाही. ती थेट १९४६ सालापासूनची आहे.

झालं असं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करासाठी फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक नावाचा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बांधायला घेतला. तोफगोळा कुठून कसा जाईल याचे हिशेब त्याने करायचे होते. तो बांधून पुरा होईपर्यंत युद्धच संपलं. (हे वाचल्यावर आमच्या रस्त्यावरच्या पुलाबद्दलचा माझा राग बराच निवळला.) वजन ३० टन, आत सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह, जागा १८०० चौरस फूट. म्हणजे आमच्या बिल्डिंगमधले तीन ब्लॉक एकत्र करून त्यांत एकच भाडेकरू. फेब्रुवारी १९४६ मध्ये हे धूड पत्रकारांना दाखवायचं ठरलं आणि मंडळींच्या पोटात गोळा आला. यंत्र विचार करतंय हे लोकांना दिसणार कसं? यंत्रावर निऑनचे बारके दिवे होते, पण ते इतके मिणमिणते की फोटोत काय, समोर उभं राहूनही धड दिसू नयेत. तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून युक्ती निघाली. टेबल टेनिसचे चेंडू आणले, मधोमध कापले, त्यांच्यावर आकडे रंगवले आणि त्या वाट्या दिव्यांवर बसवल्या. आता दिवे कसे ठसठशीत लुकलुकू लागले! तोफेतून सुटलेला गोळा जिथे पोचायला ३० सेकंद घेतो, तिथवरचा त्याचा सगळा मार्ग एनिॲकने २० सेकंदांत काढून दाखवला. पाहुणे खूश, फोटोवाले खूश.

पुढे कित्येक वर्षं सिनेमातला कॉम्प्युटर लुकलुकत राहिला. आपल्या हिंदी सिनेमात खलनायकाच्या अड्ड्यावर भिंतभर लाल-हिरवे दिवे उघडझाप करत असतात, ते काय करतात हे खलनायकालाही माहीत नसतं. त्यांचं मूळ मला त्या अर्ध्या चेंडूंत दिसतं.

आणि हे एनिॲकचे फोटो फुकट आहेत बरं का! अगदी कायदेशीर फुकट. अमेरिकेत सरकारी नोकराने सरकारी कामाचा भाग म्हणून फोटो काढला, तर त्यावर मालकी हक्क नसतो. लोकांच्या पैशाने काढला, तो लोकांचा. आपल्याकडे सरकारी कृतीवर सरकारचाच हक्क, आणि तो ६० वर्षं टिकतो. खुद्द सरकारी नोकराला साठ वर्षं नोकरीत टिकू देत नाहीत, ही गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या अंतराळखात्याचे, म्हणजे नासाचे, बरेचसे फोटोही असेच वापरता येतात. फक्त त्यांचं बोधचिन्ह लावायचं नाही आणि नासाचा आपल्या मालाला पाठिंबा आहे असं भासवायचं नाही. ही अट ऐकून भाचेरावांचा चेहरा पडला. "नासासुद्धा सर्व्हर वापरते, आपणही वापरा" असं त्यांनी मनाशी योजलं होतं.

मी एनिॲकचा एक फोटो पसंत केला. भिंतभर तारा, खटके, आणि त्यात हात घालून उभ्या असलेल्या दोन-तीन बायका. नीटनेटके केस, गुडघ्याखालपर्यंतचे स्कर्ट. मी सौ.ला हाक मारून दाखवला. तिने चष्मा लावून पाहिलं आणि एकच विचारलं, "या कोण?"

मला सवयीने वाटलं, असतील कुणी मॉडेल. फ्रिजच्या जाहिरातीत फ्रिजचं दार उघडून हसत उभी असते तशा. सुदैवाने बोललो नाही. कारण शोधता शोधता कळलं की असं म्हणणारा मी पहिला नव्हतो. १९८०नंतरच्या दशकात हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या कॅथी क्लायमन नावाच्या मुलीला हे जुने फोटो सापडले. फोटोखाली पुरुषांची नावं असायची, बायकांची बहुधा नाहीत. तिने जाणकारांना विचारलं, तर उत्तर मिळालं की त्या 'रेफ्रिजरेटर लेडीज' आहेत. यंत्र शोभून दिसावं म्हणून पुढे उभ्या केलेल्या. पोरगी चिवट. ती शोधत राहिली.

तर त्या बायका म्हणजे एनिॲककडून काम करून घेणाऱ्या पहिल्या सहा जणी होत्या. के मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. मुद्दाम सगळी नावं लिहिली, ती वगळायची प्रथा फार झाली. युद्धात तोफांचे कोष्टक हाताने काढायला गणित येणाऱ्या मुली नेमल्या होत्या आणि त्यांच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर' होतं. यंत्राला ते नाव नंतर चिकटलं. म्हणजे आधी बाईचं काम गेलं आणि मग हुद्दासुद्धा. एकेका गोळ्याच्या मार्गाला हाताने तीस-चाळीस तास लागत. त्यांतल्या या सहा जणींना एनिॲकवर घेतलं, पण सुरुवातीला यंत्राच्या खोलीत जायची परवानगी नाही, गुप्तता! नुसते नकाशे हातात दिले आणि सांगितलं, यावरून ओळखा कसं चालतं ते. सासरी आलेल्या नव्या सुनेला स्वयंपाकघराचा नकाशा देऊन पुरणपोळीची फर्माईश करावी, तसं झालं. पण त्यांनी ओळखलं. १९४६च्या त्या प्रयोगात जो २० सेकंदांचा चमत्कार झाला, त्याची जुळणी जीन आणि बेटी या दोघींनी केली होती. प्रयोग पार पडल्यावर मोठ्या मंडळींची मेजवानी झाली. या मुलींना बोलावणं नव्हतं. त्या थंडीतून आपापल्या घरी गेल्या.

आणि जाहिरात? ती तर ऐकाच. त्याच १९४६ साली अमेरिकन लष्कराने सैन्यभरतीची जाहिरात दिली आणि त्यात एनिॲकचा फोटो वापरला. मूळ फोटोत पुढे गणवेशातला एक जवान खटके फिरवतोय आणि मागे यंत्रावर काम करणाऱ्या बायका. जाहिरातीत फोटो कापून घेतला. जवान राहिला, बायका गेल्या. फोटो फुकट, कात्रीही फुकट. त्या सहाही जणींचा जाहीर सन्मान अमेरिकेतल्या एका स्त्रीतंत्रज्ञ संस्थेने केला तो १९९७ साली, पन्नास वर्षांनी.

सौ.ने हे सगळं ऐकून घेतलं, "मेलं लक्षण सगळीकडे सारखंच" एवढं म्हणाली आणि भाजी परतायला गेली. तिच्या निवृत्तीच्या समारंभातला ग्रुप फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्यात ती दुसऱ्या रांगेत साहेबांच्या खांद्यामागे अर्धी आहे. तीस वर्षं ऑफिसचं टपाल तिने सांभाळलं. तो फोटो आज मी पहिल्यांदा जवळ जाऊन पाहिला.

भाचेरावांना मात्र एनिॲक पसंत पडला नाही. "मामा, गिऱ्हाइकाला वाटेल आम्ही हे मशीन बसवून देतो. डोंबिवलीत जागा कुठाय?" रास्त मुद्दा. तेव्हा नव्या फोटोंच्या मागे लागलो आणि फुकट या शब्दाला किती पोटजाती आहेत ते समजलं. 'रॉयल्टी फ्री' ही त्यातली सर्वांत फसवी. म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरायचे आणि मग पुन्हा पुन्हा वापरायचा. लग्नाच्या हॉलसारखं नाही, भांड्यासारखं. त्यानंतर 'क्रिएटिव्ह कॉमन्स'. २००१ साली अमेरिकेत ही संस्था निघाली आणि पुढच्या वर्षी तिने परवान्यांचे नमुने आणले. फोटो काढणाऱ्याने आपल्या अटी आधीच लिहून ठेवायच्या. कुणी म्हणतो, वापरा पण माझं नाव द्या. कुणी म्हणतो, वापरा पण धंद्यासाठी नको. भाचेराव पहिली अट वाचतात, दुसरी वाचत नाहीत. आणि फोटोत ओळखू येणारा माणूस असला तर फोटोग्राफरची परवानगी पुरत नाही. जाहिरातीसाठी त्या माणसाचीही लागते. सुटाबुटातला गोरा गृहस्थ म्हणजे दोन परवानग्या.

पूर्वी टायपिंगच्या प्रोग्रॅमबरोबर चित्रांचा एक डबा येई. हस्तांदोलन करणारे दोन हात, बल्ब, आणि डोकं खाजवणारा काळा पुतळा. आमच्या सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिशीवर हस्तांदोलन छापून मी एकदा गंभीर गैरसमज करून दिला होता. तो चित्रांचा डबा मायक्रोसॉफ्टने २०१४ साली बंद केला.

मग कॅनडातल्या एका लहान कंपनीने २०१३ साली गंमत केली. स्वतःच्या जाहिरातीसाठी फोटोग्राफर बोलावून फोटो काढले, हवे ते घेतले, आणि उरलेल्यांतले दहा लोकांना फुकट वाटले. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात! तो इतका खपला की त्याचं 'अनस्प्लॅश' नावाचं भलंमोठं भांडार झालं. २०२१ साली ते विकत घेतलं 'गेटी इमेजेस'ने, म्हणजे फोटो विकणाऱ्या बड्या कंपनीने. पाणपोई बाटलीवाल्याने घेतली म्हणायची. पण पाणी अजून फुकट मिळतं, हेही सांगायला हवं.

फुकट देणाऱ्याचंही काही वेळा काय होतं पाहा. कॅरल हायस्मिथ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकार बाई आपले हजारो फोटो तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाला लोकांसाठी देत आल्या आहेत. त्यांना एक दिवस पत्र आलं, की तुमच्या वेबसाइटवर अमुक फोटो विनापरवाना आहे, १२० डॉलर भरा. फोटो त्यांचाच! त्यांनीच काढलेला! बाईंनी २०१६ साली १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला. मला वाटलं, आता न्याय होणार. कोर्टाने मुख्य मागण्या फेटाळल्या आणि उरलेलं आपसांत मिटलं. एकदा सर्वांना दिलं म्हणजे दिलं. मग कुणी ते उचलून विकायला बसला तर आपण काय बोलणार? ही बातमी मी भाचेरावांना वाचून दाखवली, तेव्हा ताईची भिशी आठवून तो बराच वेळ गप्प बसला.

शेवटचा प्रयत्न म्हणून खऱ्याखुऱ्या सर्व्हरचे फोटो शोधले. विकिपीडियावाल्यांचं 'कॉमन्स' नावाचं भांडार २००४ पासून आहे, तिथे त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरचेही फोटो मिळतात. पण त्यात निळा उजेड नाही! साधी ट्यूबलाइट, आणि वायरींचा असा गुंता की आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबाची आठवण यावी. मला सगळ्यांत आवडला तो इंटरनेटच्या वेबचा पहिलावहिला सर्व्हर. जिनिव्हाजवळ सर्न नावाच्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरचा एक काळा ठोकळा. त्याच्यावर कागद चिकटवून लाल शाईने हाताने लिहिलंय, की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये. जगभरच्या वेबचा भार ज्याच्यावर, त्याचं संरक्षण एका चिठ्ठीवर! आमच्या इन्व्हर्टरच्या बटणावर सौ.ने लावलेली चिठ्ठी अगदी अशीच आहे, फक्त तिच्यात "हात लावल्यास याद राखा" एवढं जास्त आहे. आणि त्या सर्नने १९९३ साली वेबचं तंत्रच साऱ्या जगाला फुकट देऊन टाकलं. फुकटच्या इतिहासात एवढं मोठं दान माझ्या पाहण्यात नाही.

"मामा," भाचेराव अखेर म्हणाले, "तुमच्या मोबाइलवर आमच्याच दुकानाचा काढा ना."

इतके दिवस हे सुचलं नव्हतं. गेलो. सर्व्हरचं कपाट पुसून घेतलं. डावीकडे हाताची घडी घालून भाचेराव, उजवीकडे उघड्या मशीनसमोर स्क्रूड्रायव्हर घेऊन ती मुलगी. तिला रीतसर विचारलं, "चालेल ना ग जाहिरातीत?" ती म्हणाली, "चालेल काका, फक्त लवकर काढा, हे गिऱ्हाइकाला चारला द्यायचंय." फोटो छान आला. भाचेरावांना मी कायदाही समजावला. पैसे देऊन फोटो काढून घेतला असता तर हक्क त्यांचा झाला असता. फुकट काढून घेतला, तेव्हा १९५७च्या कायद्याप्रमाणे हक्क माझा. मी असेपर्यंत आणि माझ्यानंतर आणखी ६० वर्षं. भाचेरावांनी ताबडतोब वडापाव मागवला.

चार दिवसांनी फ्लेक्स झळकला. सौ.ला घेऊन मुद्दाम पाहायला गेलो. डावीकडे भाचेराव, मधे कपाट, वर भला थोरला फोन नंबर. आणि उजव्या कडेला एक कोपर आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक.

"नंबर मोठा बसेना," भाचेराव म्हणाले, "म्हणून फ्लेक्सवाल्याने थोडं कापलं. पण कोपर आहे ना मामा."

मुलगी बाहेर आली, वर पाहिलं, म्हणाली, "स्क्रूड्रायव्हर बरा आलाय," आणि पुन्हा आत जाऊन कामाला लागली.

सौ. काही बोलली नाही. पर्स उघडून तिने ४०० रुपये काढले, भाचेरावांच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "दुसरा छापून आण. आज." त्या आवाजात तिने तीस वर्षांत साहेबांशी कधी बोलायला हवं होतं, असं मला वाटून गेलं.

दुसरा फ्लेक्स लागला. त्यात मुलगी पुरी आहे, भाचेराव पुरे आहेत, फोन नंबर मात्र डोळे ताणून वाचावा लागतो. तरी गेल्या गुरुवारी तो वाचून पहिला फोन आला. मी दुकानातच होतो. भाचेरावांनी घसा साफ करून आपल्या खास आवाजात नमस्कार केला, आमच्या सेवा सांगायला सुरुवात केली, आणि मधेच थांबून रिसीव्हर पुढे केला.

"तुझ्यासाठी आहे," ते तिला म्हणाले. "म्हणतायत, फोटोत स्क्रूड्रायव्हर घेतलेल्या बाई आहेत त्यांनाच पाठवा. हाताची घडी घातलेले नकोत."